झाकली मूठ : डॉ. अँसन जोन्स आणि टेक्सासचे नव्वद दिवस

नोव्हेंबर १८५७. ऑस्टिनला टेक्सासचं विधिमंडळ अमेरिकेच्या सिनेटसाठी माणसं निवडत होतं. सिनेटर तेव्हा लोकांच्या मतानं नव्हे, आमदारांच्या मतानं निवडले जात. एक जागा टॉमस रस्क यांच्या मृत्यूमुळे रिकामी झाली होती आणि दुसरी सॅम ह्यूस्टन यांच्याकडून काढून घ्यायची, असं आमदारांनी ठरवलंच होतं. या दोनपैकी एक तरी जागा आपल्याकडे येईल, अशी ज्यांना खात्री वाटत होती त्यांत साठीला आलेले एक डॉक्टर होते. अकरा-बारा वर्षांपूर्वी हेच डॉक्टर टेक्सासचे राष्ट्राध्यक्ष होते. राज्याचे गव्हर्नर नव्हे, स्वतंत्र देशाचे राष्ट्राध्यक्ष. मतमोजणी झाली. डॉ. अँसन जोन्स यांना एकही मत पडलं नव्हतं.

एकही नाही. ज्या माणसानं टेक्सासचं अमेरिकेतलं विलीनीकरण प्रत्यक्ष घडवून आणलं, शेवटच्या कागदावर सही केली, त्याला त्याच टेक्सासनं इतकं पुसून का टाकलं असेल? हा प्रश्न मला बरेच दिवस सोडत नाही. जोन्स यांचं सगळं चरित्र सांगण्याचा इथे विचार नाही. मार्च ते जून १८४५ या तीन महिन्यांत ते काय करत होते आणि तेव्हा ते गप्प का राहिले, एवढंच तपासायचं आहे. बाकीचं आयुष्य त्या तीन महिन्यांच्या मागेपुढे ठेवून पाहावं लागतं.

दवाखाना सोडून पळणारा डॉक्टर

जोन्स यांचा जन्म २० जानेवारी १७९८ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टनचा. १८२० साली न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा वैद्यक मंडळाकडून त्यांना परवाना मिळाला. बेनब्रिजला दवाखाना थाटला, तो चालला नाही. नॉर्विचला औषधाचं दुकान काढलं, ते बुडालं. मग पश्चिमेकडे नशीब काढायला निघाले, तर वाटेत फिलाडेल्फियात एका सावकारानं कर्जापायी अटक करवली. तिथेच अडकून पडले, थोडी डॉक्टरकी आणि थोडी शाळामास्तरकी केली. १८२४ मध्ये व्हेनेझुएलाला गेले, दोन वर्षांनी परत आले. १८२७ मध्ये जेफरसन मेडिकल कॉलेजातून रीतसर एम.डी. झाले. एवढं करूनही मन रमेना. १८३२ मध्ये वैद्यकीला रामराम ठोकून न्यू ऑर्लिन्सला दलालीचा धंदा सुरू केला. त्या शहरात कॉलरा आणि पीतज्वर यांनी थैमान घातलेलं. धंदा बुडाला, निराशा आली आणि तिच्या मागोमाग दारू आणि जुगारही आले.

१८३३ च्या ऑक्टोबरात ते टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या ब्राझोरियाला पोचले. तेव्हा टेक्सास मेक्सिकोचा भाग होता. गाव पाहून त्यांनी परतीच्या जहाजाचं भाडंही ठरवलं होतं. जॉन व्हार्टन आणि गावातल्या इतर चार मंडळींनी थांबवलं, निदान काही दिवस राहून तर बघा म्हणाले. डॉक्टर राहिले. ब्राझोस नदीच्या काठचा तो दमट सखल मुलूख तापाचा, तिथे डॉक्टरला काम कमी कसं पडणार? थोड्याच काळात वर्षाला पाच हजार डॉलरची प्रॅक्टिस उभी राहिली. पस्तिशी ओलांडल्यावर या माणसाला पहिल्यांदा स्थिर भाकरी मिळाली, ती डॉक्टरकीनंच.

म्हणून त्यांच्या स्वभावाची एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. इतकी वर्षं तोंडावर आपटलेला माणूस उतावळेपणा करत नाही. मेक्सिकोविरुद्ध असंतोष वाढू लागला तेव्हा जोन्स धीरानं घ्या म्हणणाऱ्यांत होते. मग डिसेंबर १८३५ मध्ये कोलंबियाच्या सभेत स्वातंत्र्य जाहीर करण्यासाठी परिषद बोलवावी, असा ठराव त्यांनीच मांडला आणि त्या परिषदेचं प्रतिनिधित्व मात्र नाकारलं. युद्धात दुसऱ्या पलटणीचे सर्जन झाले, पण हुद्दा नको, साधा शिपाई म्हणूनच राहीन, या अटीवर. २१ एप्रिल १८३६ ला सॅन जसिंटोला लढाई झाली. अठरा मिनिटांत मेक्सिकोची फळी कोसळली आणि टेक्सास स्वतंत्र झाला. डॉक्टर ब्राझोरियाला परतले, तर त्यांच्या दवाखान्याच्या जागेत जेम्स कॉलिन्सवर्थ नावाचे वकील बस्तान मांडून बसलेले. जोन्सनी त्यांना थेट द्वंद्वाचं आव्हान दिलं आणि जागा मोकळी करून घेतली. (हेच कॉलिन्सवर्थ पुढे टेक्सासचे पहिले सरन्यायाधीश झाले.) एरवी थंड डोक्याचा हा माणूस स्वतःच्या मालकीच्या गोष्टीवर कोणी हक्क सांगितला की कसा पेटत असे, ते इथे दिसतं. ही खूण पुढे कामाला येईल.

१८३७ मध्ये ते टेक्सासच्या काँग्रेसमध्ये निवडून आले. एका बड्या रेल्वे आणि बँक कंपनीला दिलेल्या सवलतींना विरोध हा त्यांचा मुद्दा होता. भोंदू वैद्यांना आळा घालण्यासाठी डॉक्टरांची परीक्षा घेणारं मंडळ स्थापण्याचा कायदा त्याच वर्षी झाला, त्यात त्यांचा हात होता. सगळीकडे एकसारखी शिक्षणव्यवस्था हवी आणि विद्यापीठासाठी जमीन राखून ठेवावी, हेही त्यांचं म्हणणं. इथपर्यंतची वाट एका सरळमार्गी डॉक्टर-आमदाराची आहे. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष ह्यूस्टन यांनी त्यांना वॉशिंग्टनला राजदूत म्हणून धाडलं आणि वाट बदलली.

आजारी देश

टेक्सासची प्रकृती सुरुवातीपासून तोळामासा. मेक्सिकोनं स्वातंत्र्य मान्य केलेलंच नव्हतं. अमेरिकेत सामील व्हायची टेक्सासच्या गोऱ्या वसाहतवाल्यांची इच्छा पहिल्या दिवसापासून होती, पण अमेरिका दारात उभं करत नव्हती. टेक्सास गुलामगिरीचा मुलूख, त्याला आत घेतलं की उत्तर आणि दक्षिण यांचा तोल ढळणार. शिवाय मेक्सिकोशी युद्धाची भीती.

१८३८ मध्ये जोन्स वॉशिंग्टनला गेले ते टेक्सासचा विलीनीकरणाचा अर्ज मागे घेण्यासाठी. नकार मिळालेल्या घराच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत, युरोपकडे तोंड वळवायचं, इंग्लंड-फ्रान्सची मान्यता मिळवायची. म्हणजे एक तर मेक्सिको त्या दबावाखाली स्वातंत्र्य मान्य करील, नाही तर इंग्रज टेक्सासमध्ये पाय रोवतात या धास्तीनं अमेरिका स्वतःहून हात पुढे करील. जोन्सनी हे धोरण पुढची आठ वर्षं धरून ठेवलं. फ्रान्सनं १८३९ मध्ये मान्यता दिली, ब्रिटनशी १८४० मध्ये करार झाले.

मधल्या काळात राष्ट्राध्यक्ष लामार यांनी खर्चाचे डोंगर उभे केले. देशाचं कर्ज सत्तर लाख डॉलरच्या वर गेलं, टेक्सासच्या नोटा कवडीमोल झाल्या. १८४२ मध्ये मेक्सिकोच्या फौजांनी दोनदा येऊन सॅन अँटोनिओ ताब्यात घेतलं. १८४१ च्या डिसेंबरात ह्यूस्टन पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले आणि जोन्स परराष्ट्रमंत्री. तेव्हापासून शेवटच्या दिवसापर्यंत टेक्सासचा परराष्ट्रव्यवहार जोन्स यांच्या हातात राहिला.

एप्रिल १८४४ मध्ये विलीनीकरणाचा तह झाला खरा, पण ८ जूनला अमेरिकेच्या सिनेटनं तो ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला. सप्टेंबरात टेक्सासमध्ये निवडणूक झाली. जोन्स एडवर्ड बर्लसन यांच्याविरुद्ध उभे होते. प्रचाराची भाषणं त्यांनी केलीच नाहीत. विलीनीकरण हवं की नको, यावर अक्षर उच्चारलं नाही. तरी निवडून आले. ९ डिसेंबरला पदभार घेतानाच्या भाषणातही त्या विषयाचा उल्लेख नाही. देशात दुसरा विषय नव्हता आणि राष्ट्राध्यक्ष त्यावर बोलत नव्हते.

आपण सगळ्यांनीच असा एखादा डॉक्टर पाहिलेला असतो. रिपोर्ट हातात घेऊन खिडकीकडे धरतो, कपाळाला आठी घालतो, चार ओळी खरडतो आणि म्हणतो, आठ दिवसांनी या. बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या जिवाची घालमेल त्याला दिसत नाही. त्याचं निदान बरोबर असतं, पुष्कळदा औषधही बरोबर असतं. जोन्स राष्ट्राध्यक्षपदावर बसले ते असे.

पांढरी हॅट

नोव्हेंबर १८४४ मध्ये विलीनीकरणाचे पुरस्कर्ते जेम्स पोक अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आले. मावळते अध्यक्ष टायलर यांनी तहाची वाट सोडली. तहाला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त ठरावाला साधं बहुमत पुरतं. सिनेटमध्ये २७ विरुद्ध २५ अशा निसटत्या फरकानं ठराव पार झाला आणि १ मार्च १८४५ ला टायलरनी सही केली. टेक्साससाठी अटी बऱ्या होत्या. पडीक सरकारी जमीन टेक्सासकडेच राहणार, मात्र कर्जही टेक्सासनंच फेडायचं.

ही बातमी घेऊन अमेरिकेचे दूत अँड्रू जॅक्सन डोनल्सन टेक्सासकडे निघाले. त्यांच्या आधी पोचण्यासाठी ब्रिटनचे चार्ल्स इलियट आणि फ्रान्सचे सालिन्यी यांनी घाई केली. राजधानी तेव्हा वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोस या नदीकाठच्या छोट्या गावात होती. नाव भारदस्त, पण ओंडक्यांची आणि फळ्यांची घरं.

इलियट यांच्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण हे नाव आपल्या इतिहासाच्याही कडेनं गेलेलं आहे. १८३९ मध्ये कँटनला ब्रिटिश व्यापाराचे अधीक्षक असताना वीस हजारांहून जास्त अफूच्या पेट्या चीनच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करणारे ते हेच. त्या पेट्यांत मुंबई बंदरातून गेलेली माळव्याची अफूही होती, आणि त्या प्रकरणानं मुंबईच्या कितीतरी व्यापाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पहिलं अफूयुद्ध त्यातून पेटलं. हाँगकाँगचा ताबा इलियटनी घेतला, पण लंडनला तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांना परत बोलावलं आणि १८४२ मध्ये टेक्साससारख्या आडवळणी जागी पाठवून दिलं. म्हणजे जोन्स यांच्यासमोर बसलेला इंग्रज काही कच्चा नव्हता. गमावलेली पत परत मिळवायला तोही आसुसलेला होता.

२९ मार्च १८४५ ला जोन्स, परराष्ट्रमंत्री ॲशबेल स्मिथ आणि हे दोन दूत यांच्यात समझोता झाला. (स्मिथही डॉक्टरच, गॅल्व्हस्टनच्या पीतज्वराच्या साथीत काम केलेले.) मेक्सिकोनं टेक्सासचं स्वातंत्र्य लेखी मान्य करावं म्हणून ब्रिटन आणि फ्रान्स मध्यस्थी करतील. बदल्यात टेक्सास नव्वद दिवस विलीनीकरण स्वीकारणार नाही. दुसऱ्याच दिवशी डोनल्सन अमेरिकेचा प्रस्ताव घेऊन दाखल झाले.

इलियटनी गावभर सांगितलं की आपण चार्ल्सटनला चाललो आहोत. प्रत्यक्षात ते समुद्रात जहाज बदलून व्हेराक्रुझला उतरले. डोक्यावर पांढरी हॅट. मेक्सिकोत एक पांढऱ्या हॅटवाला गूढ माणूस फिरतोय, अशी बातमी अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत आली आणि तो माणूस कोण, हे कळायला वेळ लागला नाही. इंग्रजाचा दूत चोरून मेक्सिकोला गेला आणि टेक्सासचा राष्ट्राध्यक्ष तोंड मिटून बसला आहे, असा सरळ हिशेब लोकांनी केला. जोन्स विकले गेले, ही बोंब गावोगाव उठली. त्यांच्या प्रतिमा जाळल्या. स्मिथ युरोपला निघाले, तर त्यांचीही गॅल्व्हस्टनला तीच गत. राष्ट्राध्यक्षांना बाजूला सारून परस्पर परिषद भरवायची भाषा सुरू झाली.

जोन्स काय करत होते? तारखा मांडून पाहिल्या की त्यांचं डोकं कसं चालत होतं ते दिसतं. १५ एप्रिलला त्यांनी जाहीर केलं, काँग्रेसचं विशेष अधिवेशन १६ जूनला भरेल. ५ मे रोजी दुसरी घोषणा केली, विलीनीकरणावर निर्णय घेणारी लोकप्रतिनिधींची परिषद ४ जुलैला भरेल. २९ मार्चपासून मोजले तर नव्वद दिवस २७ जूनला संपतात. परिषद बरोबर एक आठवड्यानंतरची, आणि तीही अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी. इंग्रज-फ्रेंचांना दिलेला शब्द मोडला नाही आणि लोकांचा रस्ताही अडवला नाही. एवढं नेमकं पंचांग मांडणारा माणूस विकला गेलेला असेल, हे मला पटत नाही.

याच मे महिन्यातला आणखी एक प्रसंग जोन्सनी लिहून ठेवला आहे. अमेरिकेच्या आरमाराचे कमोडोर स्टॉक्टन गॅल्व्हस्टनला येऊन थांबले होते. त्यांच्या वतीनं दोन माणसं जोन्स यांच्या घरी आली. त्यांनी सुचवलं की टेक्सासनं मेक्सिकोच्या मातामोरोसवर फौज घालावी, पाठीमागून मदत मिळेल. म्हणजे विलीनीकरणाच्या वेळी युद्ध आधीच सुरू झालेलं असेल. अमेरिकेसाठी मी एक युद्ध घडवून द्यावं असं तुमचं म्हणणं आहे काय, असं जोन्सनी त्यांना विचारलं आणि नकार दिला. वॉशिंग्टनमधून असा आदेश खरंच होता की स्टॉक्टन स्वतःच्या उत्साहात वागत होते, यावर इतिहासकारांत वाद आहे. जोन्स यांच्या हकिगतीतला सगळा तपशील जसाच्या तसा घेऊ नये, हेही खरं, कारण ती मनात राग साठल्यावर लिहिलेली आहे. पण हल्ला झाला नाही ही गोष्ट उरतेच. आदल्याच आठवड्यांत मेक्सिकोशी शांततेची बोलणी करवणाऱ्या माणसानं हल्ल्याला नाही म्हणावं, हे सुसंगतही आहे.

दोन कागद

मेअखेर इलियट परतले. मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री क्वेव्हास यांची सही असलेला कागद त्यांच्या हातात होता. टेक्सास दुसऱ्या कोणत्याही देशात सामील होणार नसेल, तर मेक्सिको त्याचं स्वातंत्र्य मान्य करील. नऊ वर्षं ज्या एका ओळीसाठी टेक्सासनं जीव टाकला, ती ओळ हातात आली होती. ४ जूनला जोन्सनी घोषणा करून मेक्सिकोशी शत्रुत्व थांबल्याचं जाहीर केलं आणि हा कागद लोकांपुढे ठेवला.

आता दोन वाटा उघड होत्या. अमेरिकेत जायचं, किंवा मान्यता असलेला स्वतंत्र देश म्हणून राहायचं. आठ वर्षं जी दारं ठोठावली तरी उघडत नव्हती, ती दोन्ही एकाच महिन्यात उघडी करून देणारा माणूस जोन्स. दुसऱ्या दाराची फट दिसली नसती तर पहिलं कधी उघडलंच नसतं, हेही तितकंच खरं.

पण मूठ उघडली तोवर पाहणाऱ्यांचा रस संपला होता. टेक्सासच्या सिनेटनं मेक्सिकोचा तह एकमतानं फेटाळला. विलीनीकरणाला दोन्ही सभागृहांनी संमती दिली, २३ जूनला जोन्सनी सही केली. त्याच काँग्रेसनं जोन्स यांच्यावर ठपका ठेवणारे ठरावही केले. ४ जुलैला ऑस्टिनला परिषद भरली, ५५ विरुद्ध एक अशा मतांनी विलीनीकरण मंजूर झालं. तो एक म्हणजे रिचर्ड बाख, बेंजामिन फ्रँकलिन यांचा नातू. ज्या परिषदेला जोन्सनी बोलावलं, तिनं जोन्सना पदावरून दूर करावं काय यावरही खल केला. ऑक्टोबरात लोकांनी प्रचंड बहुमतानं शिक्कामोर्तब केलं, २९ डिसेंबरला पोक यांनी सही केली.

१९ फेब्रुवारी १८४६. ऑस्टिनच्या लाकडी कॅपिटॉलसमोर गर्दी जमलेली. जोन्सनी छोटंसं भाषण केलं. या महान नाटकाचा शेवटचा अंक पार पडला आहे, टेक्सासचं प्रजासत्ताक आता राहिलं नाही, असं ते म्हणाले. एका ताऱ्याचा झेंडा खाली उतरला. गव्हर्नर म्हणून पिंक्नी हेंडरसन यांनी सूत्रं घेतली. समोरच्या माणसांच्या डोळ्यांत पाणी होतं असं सांगतात. ज्यांनी काही महिन्यांपूर्वी या वक्त्याचे पुतळे जाळले, त्यांतलेही काही त्या गर्दीत असतील.

चूक नेमकी कुठे

माझं मत मी स्पष्टच लिहितो. जोन्स यांचं धोरण बरोबर होतं आणि त्यांचं गप्प राहणं अर्धंच बरोबर होतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मुत्सद्देगिरीत खरं असतं. मार्चअखेर त्यांनी सांगून टाकलं असतं की मला मनातून विलीनीकरणच हवं आहे, तर इलियट व्हेराक्रुझला गेलेच नसते. उलट मला स्वातंत्र्य हवं म्हणाले असते तर डोनल्सन बिथरले असते आणि देशात दंगल झाली असती. तेव्हा मार्च-एप्रिलमध्ये काय काय चाललं आहे ते न सांगणं भागच होतं. पण एक गोष्ट सांगता येत होती आणि तिनं कोणाचंच गुपित फुटलं नसतं: निर्णय मी घेणार नाही, तुम्ही घेणार, आणि तुमच्यापुढे मी असतील तेवढ्या सगळ्या वाटा ठेवणार. परिषदेची तारीख त्यांनी जाहीर केली, पण या वाक्यासह नाही. कोरड्या सरकारी घोषणेतून लोकांनी एवढंच वाचलं की आम्ही आरडाओरडा केला म्हणून राष्ट्राध्यक्ष नमले. स्वतः आखलेली गोष्ट लोकांच्या दबावाखाली केल्यासारखी दिसली. तिचं श्रेय मग कोण देणार?

ह्यूस्टन यांच्याशी ताडून पाहावं. गुपितं त्यांनीही ठेवली, इंग्रजांशी त्यांनीही संधान बांधलं, किंबहुना हा खेळ जोन्स त्यांच्याच हाताखाली शिकले. पण ह्यूस्टन सभेत उभे राहिले की माणसं त्यांच्याकडे बघत राहायची. सॅन जसिंटोचा सेनापती, पायात गोळी लागलेला. त्या माणसाला लोकांनी आधीच माफ केलेलं असे. जोन्स यांच्यापाशी तसं काही साठवलेलं नव्हतं. दवाखान्यात त्याची गरज पडत नाही. ताप उतरला की डॉक्टरची बाजू आपोआप सिद्ध होते. विलीनीकरणाचा ताप उतरला तेव्हा टेक्सासला वाटलं, आपला आपणच बरा झालो.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती बाजूला ठेवली तर हे प्रकरण खोटं होईल. ज्या लोकांपुढे दोन वाटा ठेवल्या, ते कोण? १८३६ च्या टेक्सासच्या घटनेनं गुलामांना मुक्त करायला काँग्रेसलाच मनाई केली होती आणि मुक्त कृष्णवर्णीयांना परवानगीशिवाय राहायला बंदी होती. मेक्सिकोनं गुलामगिरी १८२९ मध्येच रद्द केली होती. हजारो गुलामांच्या आयुष्याचा निवाडा त्या उन्हाळ्यात होत होता आणि त्यांना विचारण्याचा प्रश्नच कोणाच्या मनात आला नाही, जोन्स यांच्याही नाही. त्यांच्या स्वतःच्या शेतावर गुलाम राबत होते. मुत्सद्देगिरीचं कौतुक करताना हात आखडतो तो इथे. आणि जे युद्ध त्यांनी मेमध्ये टाळलं, ते पुढच्याच वर्षी पेटलं. १८४८ मध्ये ते संपलं तेव्हा मेक्सिकोचा जवळपास अर्धा मुलूख गेला होता.

बॅरिंग्टन

जोन्स वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोसजवळच्या आपल्या शेतावर गेले. जन्मगावाच्या आठवणीनं त्याचं नाव बॅरिंग्टन. शेती उत्तम केली. मेरीबरोबर त्यांचं लग्न १८४० मध्ये झालं होतं, चार मुलं झाली. पण मन ऑस्टिनकडे लागलेलं. १८४६ मध्ये सिनेटच्या दोन जागा ह्यूस्टन आणि रस्क यांना मिळाल्या. यामागे ह्यूस्टनच आहेत, अशी जोन्स यांची खात्री झाली. आपलं काम त्यांनी आपल्या नावावर करून घेतलं, हे शल्य. दवाखान्याच्या जागेवर दुसरा बसला तेव्हा द्वंद्वाचं आव्हान देता आलं होतं. इतिहासातली जागा बळकावली तर आव्हान कोणाला द्यायचं? थोरल्या मुलाचं नाव त्यांनी एके काळी कौतुकानं सॅम ह्यूस्टन ठेवलं होतं. ते बदलून सॅम्युअल एडवर्ड केलं.

१८४९ मध्ये पडल्याचं निमित्त झालं आणि डावा हात निकामी होत गेला, वाळला, काळा-निळा पडला. डॉक्टर माणूस, स्वतःच्या हाताची अवस्था रोज पाहत असणार आणि पुढे काय होणार हेही जाणत असणार. तरी कागद गोळा करणं थांबलं नाही. इलियट यांची पत्रं, डोनल्सन यांची, स्मिथ यांची, प्रत्येक कागद जपून, वर स्वतःची टिपणं. १८४५ मध्ये जे बोलले नाहीत ते सगळं आता लिहीत होते. ऐकायला समोर कोणी नव्हतं.

१८५७ च्या जुलैत रस्क यांनी आत्महत्या केली. ह्यूस्टन विलीनीकरणानंतरच्या राजकारणात दक्षिणेच्या विरोधात उभे राहिल्यानं नकोसे झाले होते. जोन्सना वाटलं, आता तरी विधिमंडळ आपली आठवण काढील. पुढे काय झालं ते सुरुवातीलाच आलं आहे. त्यानंतर त्यांनी बॅरिंग्टन पडत्या किमतीला विकलं. जानेवारीत ह्यूस्टन शहरात ओल्ड कॅपिटॉल हॉटेलात चार दिवस राहिले. प्रजासत्ताकाचं जुनं काँग्रेस-भवन म्हणजेच हे हॉटेल. वीस वर्षांपूर्वी डॉ. जोन्स आमदार म्हणून पहिल्यांदा बसले ते याच इमारतीत. ९ जानेवारी १८५८ ला तिथेच त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. साठावा वाढदिवस अकरा दिवसांवर होता.

कागदपत्रांचं पुस्तक पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला छापून निघालं. टेक्सासच्या परराष्ट्रव्यवहाराबद्दल लिहायचं तर आजही ते उघडावं लागतं. मेरी जोन्स पुढे जवळपास पन्नास वर्षं जगल्या. १८९१ मध्ये प्रजासत्ताकाच्या काळातल्या कुटुंबांतल्या स्त्रियांनी संघटना काढली, तिच्या पहिल्या अध्यक्षा त्या झाल्या आणि १९०७ मध्ये वारेपर्यंत राहिल्या. बॅरिंग्टनचं लाकडी घर १९३६ मध्ये, टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीला, जागेवरून हलवून वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोसच्या स्मारक-उद्यानात आणून ठेवलं. भोवती त्या काळासारखी कापसाची आणि मक्याची शेती करून दाखवतात.